गटोपचार, आधारगट आणि आपण घरचे: कोणी जाऊन आलंय का?

अबोली (धागाकर्ती)

इथे बरीच वर्षं नुसती वाचते. आज लिहायला बसले, कारण घरात हा विषय काढला की सगळे उठून जातात आणि बाहेर काढता येत नाही.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान होऊन सहा वर्षं झाली. गोळ्या नियमित आहेत, गेल्या दोन वर्षांत दाखल करावं लागलेलं नाही, आवाज येतात पण पूर्वीसारखे हुकूम सोडत नाहीत. फाइल बघितली तर छान चाललंय. घरात बघाल तर तो दुपारी उठतो, खोलीबाहेर येत नाही, मित्र एकेक करून गळाले, आंघोळीवरून रोज एक लढाई. आई-बाबांच्याने आता होत नाही. त्यामुळे गोळ्या, डॉक्टर, लढाया, सगळं माझ्याकडे.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या. भावाने गटोपचाराला यावं आणि मी काळजीवाहकांच्या आधारगटात. भाऊ तिथल्या तिथे म्हणाला, "मला वेड्यांच्या घोळक्यात बसवू नका." माझं म्हणाल तर मला कळेना की मी कशाला? आजार त्याला आहे. मला आठवड्यात दोन तास मोकळे मिळाले तर मी झोपेन.

कोणी जाऊन आलंय का? तिथे नक्की काय चालतं? परक्या लोकांसमोर घरातलं बोलून कोणाला फरक पडलाय का? खरं काय ते सांगा, गोड गोड नको.

काठावरचा

मी गेलोय. माझं दुखणं वेगळं (नैराश्य आणि माणसांत जायची भीती), पण तुमच्या भावाचं वाक्य मी जवळजवळ शब्दशः म्हटलं होतं, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं आधी पोचलो आणि दाराजवळची खुर्ची धरली. पळायला सोपी. आठ खुर्च्या गोलात, मध्ये काहीच नाही, टेबलसुद्धा नाही. हात कुठे ठेवायचे इथपासून प्रश्न. मला वाटलं होतं सगळे माझ्याकडे बघतील. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

पहिल्या तीन बैठकांत मी नाव सांगण्यापलीकडे बोललो नाही. कोणी बोलायला लावलंही नाही. चौथ्या वेळी एक बाई सांगत होत्या की फोन वाजला की त्या उचलत नाहीत, बंदही करत नाहीत, वाजून थांबेपर्यंत नुसत्या त्याच्याकडे बघत बसतात आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. हे मी सात वर्षं करत होतो. बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? माझ्या तोंडून "मी पण" एवढंच निघालं. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी कोणाच्या तरी शेजारी बसलो. एरवी उभा राहायचो.

पण नुसतं 'मी पण, मी पण' नसतं हं. नवव्या की दहाव्या बैठकीत एक जण मला म्हणाला, "तू सगळं हसत हसत सांगतोस. तुला खरंच त्रास होतोय की तू किस्सा सांगतोयस, मला कळतच नाही." असला राग आला! पुढच्या आठवड्यात जायचंच नाही असं ठरवलं होतं. गेलो. आणि त्याचं बरोबर होतं. एकट्या समुपदेशकासमोर हे कधी दिसलंच नसतं, कारण तिथे मी हसत नव्हतो. माणसं जमली की मी हसतो.

तिऱ्हाईत

जरा उलटा सूर लावतो, राग नसावा. सात-आठ जणांची दुःखं ऐकायची ताकद असती तर मी उपचारांना कशाला गेलो असतो? आणि तासाभरात आठ माणसं म्हणजे माझ्या वाट्याला सात मिनिटं. मला तरी ही तज्ज्ञांची टंचाई झाकायची युक्ती वाटते.

सहप्रवासी

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि गट चालवते. तेव्हा मी गटाची वकिली करणार हे धरूनच वाचा.

तिऱ्हाईत, तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. सुरुवात टंचाईतूनच झाली. १९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा, स्वच्छता आणि रोजची नोंदवही, एवढंच हातात. प्रत्येकाला वेगळं समजावत बसायला वेळ नाही म्हणून वर्ग भरवला, आणि मग लक्षात आलं की शिकवण्याइतकाच एकमेकांच्या सोबतीचा गुण येतोय. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात तीच गत. खचलेले सैनिक भरमसाठ, डॉक्टर मूठभर. बिऑन आणि फूक्स या मनोविकारतज्ज्ञांनी तिथे गटांवर जे काम केलं, त्यातून पुढे बरंच काही उभं राहिलं.

म्हणजे युक्ती होती, पण युक्तीपुरती राहिली नाही. तोच उपचार एकट्याने घेतला आणि गटात घेतला तर काय फरक पडतो, अशा तुलनांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. निकाल साधारण सारखेच निघाले.

सात मिनिटांच्या हिशोबाबद्दल. बैठक बहुधा दीड तासाची असते आणि वेळ कोणी वाटून घेत नाही. एखाद्या दिवशी दोघांचंच निघतं आणि बाकीचे नुसते बसलेत असं बाहेरून दिसतं. काठावरचा यांनी त्या दिवशी दोन शब्द उच्चारले. गट चालवणारी म्हणून सांगते, त्या बैठकीतलं मोठं काम बहुतेक तेच होतं.

अबोली, 'गट' या एका शब्दात निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा की नक्की कोणता. प्रशिक्षित माणसाने चालवलेला, ठरावीक सभासदांचा, आजारावर काम करणारा तो उपचारगट. आजार म्हणजे काय, गोळ्या काय करतात, पुन्हा उचल खाण्याआधी कोणती चिन्हं दिसतात, हे शिकवणारा तो मनोशिक्षणाचा गट; त्यात वही-पेन असतं, रडारड कमी. कौशल्यांचे गट आणखी वेगळे. मार्शा लिनेहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीत भावना कशा हाताळाव्यात, संकट निभावून कसं न्यावं, हे गटातच शिकवतात, गृहपाठासकट. आणि ज्यांना हे सोसावं लागलंय त्यांनीच एकमेकांसाठी चालवलेला तो आधारगट किंवा स्वमदत गट. तिथे कोणी उपचार करत नाही आणि करूही नये.

तुमच्या भावाचं वर्णन वाचून मला वाटतं, मन उलगडत बसणारा गट त्याच्यासाठी लगेच नको. खोलीत बसून राहणं, उमेद नसणं, आंघोळ टाळणं ही या आजाराची 'ऋण लक्षणं'. आळस नव्हे. गोळ्यांचा त्यांच्यावर फारसा जोर चालत नाही. तिथे सामाजिक कौशल्यांचे छोटे गट बरे: समोरच्याशी बोलणं सुरू कसं करायचं, नाही कसं म्हणायचं, हे प्रत्यक्ष करून बघायचं. शिवाय आवाज ऐकू येणाऱ्यांचे स्वतःचे गट असतात. १९८७ साली नेदरलँड्समध्ये मनोविकारतज्ज्ञ मारिउस रोमे यांनी टीव्हीवरून आवाहन केलं की तुम्हाला आवाज ऐकू येत असतील तर कळवा. शेकडो लोकांनी कळवलं, आणि त्यातले कितीतरी जण आवाजांसकट नीट संसार, नोकरी करत होते. सँड्रा एशर आणि रोमे यांच्या त्या कामातून हे गट निघाले. 'आवाज खरा की खोटा' यावर तिथे वाद घालत नाहीत. तो काय म्हणतो, कधी येतो, आला की तू काय करतोस, हे विचारतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. उन्माद चढलेला असताना, भ्रम जोरात असताना, नशेत, किंवा जीव द्यायचे विचार तीव्र असताना गटाची वाट बघत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन विभाग गाठायचा. गट त्यानंतर.

ओंजळ

अबोली, "दोन तास मिळाले तर मी झोपेन" हे वाचून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. मीही हेच म्हणाले होते. आणि आधारगटात पहिल्या दिवशी मी झोपलेच. खुर्चीत. कोणी उठवलं नाही. संपल्यावर एका काकांनी हळूच खुर्चीची पाठ वाजवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी कोपऱ्यातली घ्या, तिला हात आहेत."

माझ्या मुलीला बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य) आहे, चौदा वर्षं झाली. गटात मी तिसऱ्या वर्षी गेले. आमच्याकडे काळजी घेणाऱ्याला शुभंकर आणि आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात. मला हे शब्द सुरुवातीला फार गोड वाटायचे, सत्कार समारंभातले. पण 'पेशंटची आई' ऐकून ऐकून कान किटल्यावर बरे वाटायला लागले.

एक प्रसंग सांगते. माझी पाळी आली तशी मी सुरू झाले, "आम्ही लिथियम घेतो, परवाच आमची रक्ततपासणी झाली, पातळी बरी आहे, मागच्या महिन्यात आम्हाला जरा चढलं होतं पण उतरलं..." शेजारच्या नव्या गृहस्थांनी दचकून विचारलं, "तुम्हालाही आहे का?" मी म्हटलं, नाही हो, मुलीला. सगळे हसले, कारण सगळेच तसं बोलायचे. आमची झोप झाली नाही, आमची गोळी चुकली, आम्हाला आज बरं वाटतंय. गट चालवणाऱ्या ताईंनी हसणं ओसरू दिलं आणि मला म्हणाल्या, "या 'आम्ही'तून मुलगी वजा केली तर काय उरतं?"

मला उत्तर आलं नाही. खरंच आलं नाही. दीड तास बसले आणि घरी गेले.

नंतर त्यांनी एक प्रश्नावली भरायला दिली. काळजीवाहकावर किती भार आहे ते मोजणारी, झारिट यांची, २२ प्रश्नांची. मुळात ती १९८० साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी निघाली, आता सगळीकडे वापरतात. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत शून्य ते चार गुण. आपल्याला स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, अशा अर्थाचा प्रश्न होता. मी 'कधीच नाही'वर खूण केली. मग खोडली. मग पुन्हा तीच केली. ताईंनी कागद घेताना खाडाखोड बघितली आणि काही बोलल्या नाहीत.

तेव्हा तुमचा प्रश्न, 'मी कशाला?' मला विचाराल तर तो प्रश्न घेऊनच जा. भावाची सोय लावायला जाऊ नका. त्याच्यासाठी म्हणून गेलात तर तिथेही तुम्ही त्याचीच फाइल वाचून याल.

गवतफूल

वाचनखूण साठवली. ओंजळताई, 'आम्ही'वालं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो सासऱ्यांचं सगळं करतो. काही बोलला नाही, उठून खिडकीशी गेला.

धुके

सगळं छान छान चाललंय म्हणून माझाही अनुभव टाकते. नाव घेणार नाही.

मी ज्या गटात गेले तिथे एक गृहस्थ होते, ते दर वेळी पाऊण तास बोलायचे. गट चालवणारी व्यक्ती मान डोलवत ऐकायची. आम्ही बाकीचे त्यांचे श्रोते. हे एकवेळ चाललं असतं. पण मी माझ्या पहिल्या नोकरीत काय झालं ते एकदाच, फार धीर करून सांगितलं आणि पंधरा दिवसांनी ते मला एका ओळखीच्या बाईंकडून परत ऐकायला मिळालं. तपशिलासह. गटातल्याच कोणीतरी 'काळजीपोटी' सांगितलं होतं म्हणे. त्यानंतर मी सहा महिने कोणाशीच बोलले नाही, समुपदेशकाशीसुद्धा.

दुसऱ्या एका स्वमदत गटात एका मुलाला सगळ्यांनी मिळून सांगितलं की गोळ्यांची सवय लागते, हळूहळू सोड. त्याने हळूहळूसुद्धा नाही, एकदम सोडल्या. पुढचं लिहीत नाही. तो जिवंत आहे एवढं सांगते.

सहप्रवासी

धुके, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. तुमच्याबाबतीत झालं ते दोन्ही चूकच होतं, त्याला दुसरा शब्द नाही.

गोपनीयतेचं नाजूक असं आहे की मी व्यावसायिक नीतीने बांधलेली असते, पण सभासद बांधलेला असतो तो फक्त शब्दाने. त्यामुळे गट सुरू होण्याआधी प्रत्येकाला एकट्याने भेटून हे बोलावं लागतं. घरी काय सांगितलेलं चालेल? 'मी आज रडलो' चालेल, 'आमच्यातली एक रडली' नाही. गटाबाहेर रस्त्यात भेटलात तर ओळख दाखवायची का? चॅटवरचा ग्रुप काढायचा का? (माझं मत: उपचारगटाचा काढू नये. रात्री अडीचला कोणीतरी काहीतरी लिहितं आणि सात जण जागे होतात.)

कोणत्याही गटात जाण्याआधी चालवणाऱ्यांना बेधडक विचारा. तुमचं प्रशिक्षण काय? गटात किती जण? (उपचारगटाला सात-आठ बरे, पंधरा असतील तर ती सभा.) मधूनच नवे लोक येतात की एकदा दार बंद झालं की शेवटपर्यंत तेच? एकच जण बोलत राहिला तर तुम्ही काय करता? कोणी संकटात असेल तर बैठकींच्या मधल्या दिवसांत कोणाला फोन करायचा? ज्याला हे प्रश्न आगाऊ वाटतात त्याच्याकडे जाऊ नका. आणि गोळ्यांबद्दलचा सल्ला कोणत्याही गटात निघाला तर चालवणाऱ्याने तिथेच थांबवायला हवा. गोळी कमी करायची चर्चा डॉक्टरांच्या खोलीत.

बाराखडी

बायकोला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ. मी आणि माझी आई दोघंही तिच्या 'नियमां'त सामील होतो. दार लागलंय का ते मी तीनदा तपासायचो आणि "लागलं" असं तीनदा मोठ्याने म्हणायचो, नाहीतर तिला झोप नाही. मला वाटायचं मी चांगला नवरा आहे. आमच्या थेरपिस्टने दोनदा समजावलं होतं की यानेच आजार पोसला जातो. डोक्यात शिरलं, हातात उतरलं नाही.

मग आम्ही बहुकुटुंब गटात गेलो. म्हणजे पाच-सहा घरं, आजारी माणसासकट सगळी एका खोलीत. तिथे दुसऱ्या घरातला एक मुलगा माझ्या आईला म्हणाला, "आजी, माझी आई पण माझ्यासाठी असंच करायची. तिने केलं की मला पाच मिनिटं बरं वाटायचं आणि मग चौथ्यांदा करून हवं असायचं." आई त्याचं ऐकून घेत होती. हेच मी बोललो असतो तर भांडण, बायको बोलली असती तर महाभारत. परक्या घरातलं माणूस आपल्या घरातलं सांगू शकतं, ही या गटाची सगळी गंमत.

तीनदाचं दोनदावर यायला दोन महिने लागले. आता एकदा. कधी कधी दोनदा.

सहप्रवासी

बाराखडी, सुंदर लिहिलंत. ही पद्धत विल्यम मॅकफार्लेन यांनी स्किझोफ्रेनियासाठी बसवली. त्यांच्या १९९५च्या अभ्यासात एकेका कुटुंबाला वेगळं भेटण्यापेक्षा अनेक कुटुंबं एकत्र भेटली तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. आणि हे काही फक्त परदेशी खूळ नव्हे. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णांसोबत आवारातल्या तंबूंत राहायला बोलावलं होतं. तेही गर्दीमुळेच! तिऱ्हाईत, पुन्हा तुमचा मुद्दा. :)

अबोली

सगळ्यांचे आभार. रात्री दोनदा वाचलं.

एक बोचतंय ते विचारते. डॉक्टर म्हणाले होते, "घरातला सूर जरा खाली आणा, त्याचा आजार उलटण्याशी संबंध असतो." तेव्हापासून मी आंघोळीसाठी आवाज चढवला की मला वाटतं, मीच त्याला पुन्हा दवाखान्यात पाठवतेय. हे खरं आहे का?

ओंजळ

सहप्रवासी नीट सांगतीलच, पण आधी मला बोलू दे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या नामांकित मनोविश्लेषकांनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' अशा अर्थाचा शब्द वापरला आणि पुढे कित्येक वर्षं तो आयांच्या माथी बसला. शास्त्राने तो केव्हाच टाकून दिला. नातेवाइकांनी अजून नाही. तू बहीण आहेस म्हणून त्यातून सुटशील असं समजू नकोस, आणि स्वतःहून ते डोक्यावर घेऊही नकोस.

सहप्रवासी

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय.

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन हे समाजशास्त्रज्ञ दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग काढत होते. आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक पुन्हा जास्त आजारी पडत होते. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले बरे राहत होते. (हो, भावंडांकडे. हे वाक्य तुमच्यासाठी.) मग त्यांनी घरच्यांशी तासन्‌तास बोलून मोजलं की टीका किती, राग किती, आणि तिसरी गोष्ट, स्वतःला विसरून त्या माणसात अडकून जाणं किती. याला 'व्यक्त भावना' म्हणतात. १९७६ साली व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं की या व्यक्त भावनांची मात्रा जास्त आणि आठवड्याला ३५ तासांहून अधिक वेळ समोरासमोर, असं दोन्ही जमलं की धोका सर्वांत जास्त.

त्यातून घर हे आजाराचं कारण ठरत नाही. नैराश्यातही, खाण्याच्या विकारांतही हेच दिसतं. पाय मुरगळलेल्याला खड्ड्यांचा रस्ता जास्त दुखतो, म्हणून पाय रस्त्याने मुरगळला असं होत नाही. आणि दोन गोष्टी नीट बघा. एक, ती तिसरी गोष्ट. ओंजळताईंचं 'आम्ही' ते हेच. दुसरी, ते ३५ तास. तुम्ही आठवड्यातून दोन तास बाहेर बसलात, तर तुमच्या झोपेइतकाच त्यालाही त्याचा फायदा आहे. त्याला बहिणीपासून सुट्टी मिळते.

आवाज चढतो. सगळ्यांचा चढतो. गटात याचाच सराव करतात: "तू कधीच आंघोळ करत नाहीस"ऐवजी "आज अकराला आपण निघणार, त्याआधी आंघोळ झाली तर मला बरं वाटेल." नाटकी वाटतं, मान्य. पहिल्यांदा म्हणताना मलाही हसू येतं.

तिऱ्हाईत

मी अजून माझ्या एकट्याच्या खोलीतच बरा आहे. पण ३५ तासांचं वाचून आमच्या घराचा हिशोब केला. आमचे साठच्या पुढे जातात. धाग्याचे आभार.

काठावरचा

अबोलीताई, भावाला 'जा' म्हणू नका. नियमाने चालणाऱ्या बहुतेक गटांत आधी एकट्याने भेट असते, तेवढीच कर म्हणा. आणि दाराजवळची खुर्ची असते हे त्याला जरूर सांगा. मला कोणी सांगितलं असतं तर मी वर्षभर आधी गेलो असतो.

अबोली

धागा वर काढतेय. आधारगटाच्या दोन बैठका झाल्या.

पहिल्या दिवशी झोप लागली नाही, म्हणजे ओंजळताईंचा विक्रम अबाधित आहे. आम्ही नऊ जण होतो. ओळख करून द्यायला सांगितलं आणि मी माझं नाव सांगून थेट त्याच्या निदानाच्या तारखेवर गेले. दहा मिनिटं बोलले असेन. गोळ्यांची नावं, मात्रा, दाखल केल्याच्या तारखा, सगळं तोंडपाठ. चालवणाऱ्या ताईंनी शेवटी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?" मला वाटलं भावासाठी काय करते ते विचारतायत, म्हणून आणखी तीन मिनिटं बोलले. कोणी हसलं नाही. शेजारच्या आजोबांनी फक्त म्हटलं, "नोकरी, विचारतायत त्या."

दुसऱ्या वेळी फारशी बोललेच नाही. एक मुलगी सांगत होती की आईला दाखल केल्यावर पहिल्या रात्री तिला इतकं हलकं वाटलं की तिने घरातले सगळे दिवे लावले आणि मग त्याचीच लाज वाटून सगळे बंद केले. मी "मी पण" म्हणाले. काठावरचा, तुमची आठवण आली.

भावाने गटाआधीच्या एकट्याच्या भेटीला यायचं कबूल केलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. आंघोळीचं 'अकराच्या आधी' वाक्य म्हणून बघितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे कुठे शिकलीस?" आंघोळ केली नाही.

पण परवा मी परत आले तेव्हा तो बाहेरच्या खोलीत बसला होता. म्हणाला, "तिथे माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?" मी म्हटलं, या वेळी काहीच नाही. तुझं नावसुद्धा निघालं नाही.

तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "मग दोन तास केलंस काय?"

पुढची बैठक गुरुवारी आहे. जाऊन आले की लिहिते.